खोलीत दुसरी व्यक्ती आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. बेलापूर, श्रीरामपूरजवळचं.

मिळाली एकदाची खोली! आमचं गाव अकोले तालुक्यात, डोंगरावर. तिथे पाण्याच्या टाकीवर चढलं तरच मोबाईलला रेंज येते, आणि माझी परीक्षा आहे ऑनलाइन. मेडिकल कोडिंगची, म्हणजे दवाखान्याच्या कागदांवरच्या प्रत्येक आजाराला ठरलेला आकडा द्यायचा. कंपनीनं आठ महिने शिकाऊ म्हणून ठेवलंय. अठ्ठावीस तारखेच्या आत प्रमाणपत्र आलं तर कायम, नाहीतर नारळ. मग गपगुमान लग्नाला उभं राहायचं, असं भावानं सांगूनच ठेवलंय. संधी दोनच. परीक्षा आपल्या खोलीत बसून द्यायची, पण खोलीत दुसरं माणूस नको. कॅमेऱ्यातून एक निरीक्षक सारखा बघत असतो.

घरमालकीण भागिरथीबाई, साठीच्या, एकट्याच राहतात. आधीच्या दोन ठिकाणी ‘साळवे’ म्हटल्याबरोबर खोली कालच गेलेली निघाली होती, म्हणून मी मन घट्ट करून गेले होते. मावशींनी आडनाव विचारलंच नाही. एवढंच विचारलं, “परीक्षा कंची हाय आन् कधी?” सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला भरून आलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खोली झकास आहे. खिडकीबाहेर गच्चीचा कठडा, त्यापलीकडे ऊस. भिंतीवर मावशींच्या माधुरीचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. तीही हीच परीक्षा देणार होती. दिवाळीनंतर, परीक्षेच्या आदल्याच दिवशी तापानं गेली. मावशी रोज सकाळी फोटोपुढे चहा ठेवतात आणि नंतर तोच गरम करून मला देतात. वाया कशाला घालवायचा, म्हणतात. चहाला मी कधी नाही म्हटलंय!

आज त्यांनी मला फोटोसमोर उभं केलं आणि म्हणायला लावलं, की माधुरीची राहिलेली परीक्षा मी पुरी करीन. आमच्या घरी असलं काही नसतं. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा ओढ्यात सोडला. पण म्हाताऱ्या बाईचं मन कशाला मोडायचं? म्हणून टाकलं. तेवढ्यात कठड्यावर ठेवलेल्या भातावर कावळा बसला आणि खाऊ लागला. मावशी हात जोडून रडायलाच लागल्या. मला हसू आवरेना. कावळ्याला भूक लागली होती, दुसरं काय.

रविवार, ९ फेब्रुवारी

सरावाच्या चाचणीत आधारवरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघतात. सत्त्याण्णव टक्के जुळला. उरलेले तीन टक्के बहुधा उन्हानं रापले असतील.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पहिली संधी गेली.

सकाळी अकराला बसले. लॅपटॉप फिरवून चारही भिंती दाखवल्या. निरीक्षकानं लिहून कळवलं, की भिंतीवर चेहरा आहे, तो काढा. मी फोटो उतरवून लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. विसाव्या प्रश्नाला पुन्हा निरोप आला: खोलीत दुसरी व्यक्ती आहे, तिला बाहेर पाठवा. मी खोली पुन्हा दाखवली, पलंगाखालीसुद्धा. त्यानं विचारलं, तुमच्या खुर्चीमागे उभी आहे ती कोण? परीक्षा रद्द.

मागे कुणी नव्हतं. मी रडले, मग सगळा राग त्या सॉफ्टवेअरवर काढला. दुसरी संधी बावीसला आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कॅमेरा तपासला. चेहरा दिसला की पडद्यावर त्याभोवती हिरवी चौकट येते. आज दोन चौकटी आल्या. एक माझ्याभोवती, दुसरी मागच्या मोकळ्या भिंतीवर, खिळ्याच्या खाली. मी सरकले. दुसरी चौकटही सरकली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

शेजारच्या रंगुबाई मिरच्या वाळत घालत होत्या. सहज बोलल्यासारखं माधुरीबद्दल विचारलं, तेव्हा कळलं. माधुरीचा दहावा पुणतांब्याला नदीवर केला, तर पिंडाला कावळा शिवेचना. दुपार टळली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला. “पन गवताचाच त्यो,” रंगुबाई म्हणाल्या. “पोरीचा जीव परीक्षेत अडाकला हुता. भागिरथीनं तवाच बोलून ठिवलं, कुनाकडून तरी पुरी करून घीन. पन शबुद दुसऱ्या पोरीनं सोताच्या तोंडानं द्यायला लागतो.”

मी दिला होता. हसत हसत दिला होता. आणि खरा कावळा भातावर बसला होता.

आता कळलं आडनाव का विचारलं नाही. त्यांना कुठलीही चालली असती.

सोमवार, १७ फेब्रुवारी

श्रीरामपूरला दीपाकडे गेले. कंपनीतली मैत्रीण. तिच्या घरून देईन म्हटलं. लॅपटॉप उघडला. दोन चौकटी. दुसरी अगदी खांद्याला लागून. दीपाला वाटलं लॅपटॉप बिघडला. तिच्या मोबाईलवर बघितलं. तिथेही.

परत आले. कुठे जायचं? ती खोलीत नाही, माझ्याबरोबर आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

चेहरा जुळला एकसष्ट टक्के.

मावशींना जाब विचारला. त्या शांतपणे म्हणाल्या, की शब्द तूच दिलास, मी काय बळजबरी केली? आणि चहा पुढे केला. मी ओतून दिला. तरी तोंडाला त्याचीच चव.

गुरुवार, २० फेब्रुवारी

टाकीवर चढून आईनं व्हिडिओ कॉल लावला. माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, अश्विनी कुठंय, तिला द्या ना फोन.

मी अश्विनीच आहे म्हटलं. आई घाबरली. तिनंच कॉल कापला.

एकोणतीस टक्के.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बसले तर अकराला. दुसरं करणार काय? नोकरी, सगळं यावरच—

चौकट एकच. बरं वाटलं क्षणभर.

मग निरोप आला: उमेदवाराची ओळख पटली. खुर्चीमागच्या व्यक्तीनं खोली सोडावी.

मी खुर्चीत नव्हते. मी माझी पाठ बघत होते. माझी वेणी, माझा निळा कुर्ता, माउसवर माझा हात. ती भराभर उत्तरं देत होती. मी ओरडले. तिनं मान वळवली नाही—

तारीख?

पास झाली. प्रमाणपत्रावर नाव माझं. चेहरा माधुरीच्या फोटोतला.

मावशी तिला भाकरी वाढतात. ‘माधुरी’ म्हणतात. ती ओ देते.

पेन जड झालंय. अक्षर पुसट—

खिळ्यावर आता माझा फोटो. आधारवरचा, मोठा केलेला. पुढे चहा.

कठड्यावर भात. कावळा आलाय. बसलाय नुसता. शिवत नाही.

मावशी विचारतायत, काय राह्यलं गं पोरी तुझं?

आमच्यात नसतं हे. मी मानत नाही. माझं काही राहिलं ना—

म्हणतायत, परीक्षाच ना? दुसरी भाडेकरीन आनते. तुझी बी पुरी करून घेते.

नको म्हणायचं होतं मला. शपथ, नकोच म्हणायचं होतं. कुणाची तरी पोर असेल ती. पण तोंडातून निघालं, आणा.

कावळा वाकला. भाताला चोच—

आणा, मावशी. लवकर आ—