वीतभर दांड्याच्या कुदळी

३ फेब्रुवारी
गोदाम अखेर उघडलं. बाबांनी साठ वर्षं जपलेलं शेतीचं लोखंड — फाळ, विळे, पहारी, कुदळी — गंजून एकमेकांना चिकटलेलं. इथे संग्रहालय करायचं. प्रत्येक अवजाराखाली पाटी: नाव, अर्थ, मूळ. पाट्या मी लिहिणार. शाळेतली नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच हाताला काम आहे.

५ फेब्रुवारी
कोश घेऊन बसले. कुदळ म्हणजे मूळ 'कुद्दाल' — कु म्हणजे जमीन, ती फोडणारा. किती नेटकं!
म्हातारे लोहारकाका मदतीला येतात. बहुतेक अवजारं त्यांच्याच भट्टीतली. मी अर्थ वाचून दाखवला तर म्हणाले, लोखंडाला काय विचारता, दांडा बघा. अडाणी माणूस. तसं तोंडावर म्हटलंही.

९ फेब्रुवारी
रॉकेल संपलं, गंज संपत नाही. पाठ धरली.

१० फेब्रुवारी
सतरा कुदळी निघाल्या, सगळ्यांचे दांडे वीतभर. मी पाटी लिहिली: 'लहान मुलांसाठी.' लोहारकाकांना वाचून दाखवली तर ते खालीच बसले.
मुलांसाठी नाहीत, म्हणाले. खणणाऱ्या बायकांसाठी. आधी दांडे छातीपर्यंत होते. बाबांनी एका हंगामात सगळे कापायला लावले. कापले लोहारकाकांनीच. त्यांची बायको त्याच रांगेत होती, तेवीस वर्षं.
"आता ती सरळ होत नाही, ताई. झोपल्यावरसुद्धा नाही."

११ फेब्रुवारी
बाबांना विचारलं. वाटलं होतं, टाळतील. टाळलं नाही. "लांब दांडा असला की बाया त्यावर रेलून गप्पा मारतात. आखूड केला की गच्चीवरून नुसतं बघायचं. उभी दिसली ती कामचुकार."
मग म्हणाले, चहात साखर कमी आहे.

१२ फेब्रुवारी
पाटी बदलली. खरं तेच लिहिलं, कोणी कापायला लावले तेसुद्धा. बाबांनी वाचली — आणि खूश झाले! लोक हीच बघायला येतील म्हणे. मधल्या काचेच्या कपाटात सतराही मांडल्या.

२० मार्च
उद्घाटन झालं. किती धाडसाने लिहिलंत, असं चार जणांनी तरी म्हटलं. कान सुखावले, खोटं कशाला बोलू. बाबांनी लोहारकाकांना बायका कशा वाकायच्या ते करून दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं. तीनदा, कारण फोटो हलत होता.

२२ मार्च
लोहारकाकांची बायको आली. कमरेतून काटकोनात मोडलेली. काचेतली एक कुदळ बोटाने दाखवली, ही माझी, द्या म्हणाली. घेऊन काय करणार, मी विचारलं.
"विहिरीत टाकणार."
मी समजावलं — काकू, हा इतिहास आहे, संच मोडतो. ती जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटली आणि गेली. तिचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही.

२३ मार्च
सकाळी काच फुटलेली. एक कुदळ नाही, सोळा जागच्या जागी. हवालदाराने विचारलं, कोणावर संशय? बाबा तोंड उघडायच्या आत मी काकूंचं नाव सांगितलं.