एक बोर्ड तरी खेळू द्या

१८ ऑक्टो. २००४, सोमवार. शिरूर

बॅगा पुन्हा सोडल्या. ह्यांचं म्हणणं, पोरांचे कपडे कमी कर, कॅरमच्या पावडरचे डबे बसत नाहीत. म्हटलं, पोरंच कमी करा की मग! ओम अजून अंगावर पितो, त्याला ठेवणार कुठं? गौरी चार वर्षांची. तिला ठेवावं तर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय. म्हणजे सगळं बिऱ्हाड चाललं जर्मनीला, खेळांच्या जत्रेला.

जाणार होते हे एकटेच. पण पुण्याचे मेहताशेठ, तिथं स्टॉल त्यांनीच घेतलाय, ते वर्कशॉपवर आले. मी नव्या बोर्डावर हात मारत बसले होते. बघत राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, बोर्ड खपवायचे असतील तर वहिनींना आणा." ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. कॅरम बनवण्यात ह्यांचा कोणी हात धरणार नाही. खेळायला बसले की मात्र स्ट्रायकरच पॉकेटात.

"खेळायचं तू, बोलायचं म्या," असं ठरलंय. लग्नाआधी दौंडला रेल्वेच्या क्लबात भल्याभल्यांना घरी पाठवलंय मी. लग्नानंतर चार लोकांत एक बोर्ड खेळले नाही. आता खेळायचंय. बाकी जर्मनी-बिर्मनी काही बघायला नको मला.

२१ ऑक्टो., गुरुवार. जर्मनी

विमानात ओमचे कान दुखले. त्यानं रडून विमान डोक्यावर घेतलं. ह्यांना मात्र झोप कशी लागते देव जाणे.

आज जत्रा सुरू. हॉल कसला, आपलं मार्केट यार्ड आत ठेवलं तरी जागा उरेल. आणि असे किती हॉल! पांढऱ्या दाढीचे आजोबा सोंगट्या सरकवत बसलेत. बायका पत्ते कुटतायत. कामधंदा नाही का, असं कोणी कोणाला विचारत नाही. लई भारी वाटलं.

पण बघितलं किती? ओमला पाजायची खोली पार दुसऱ्या टोकाला. तिथून आले तर गौरीला शी. ती उरकून आले तर गौरीनं शेजारच्या स्टॉलवरचा फासा तोंडात घातलेला. तिथली बाई हसली, मी लाजेनं मेले. मग पुन्हा ओमला भूक. बोर्डाला बोट लागलं नाही. वर संध्याकाळी हे विचारतात, "दिसभर व्हतीस कुठं?"

फिरायला गेले होते, नदीकाठी!

२२ ऑक्टो., शुक्रवार. दसरा

डोकं फिरलंय.

सकाळी ह्यांनी बॅगेतून हळद-कुंकू, सुपाऱ्या काढल्या. सासूबाईंनी कागदात बांधून दिलेला झेंडूसुद्धा. तिन्ही बोर्डांना, स्ट्रायकरना कुंकू लावलं, हार घातले. इथवर ठीक. मीही हात जोडले. सण आहे, परमुलखात आहोत, बरंच वाटलं.

तेवढ्यात दोन पोरी खेळायला खुर्च्या ओढून बसल्या. ह्यांनी आडवा हात घातला. "नो नो. टुडे पूजा."

मला वाटलं चेष्टा करतायत. कसली चेष्टा! दसऱ्याला पूजलेलं हत्यार चालवायचं नाही. वर्कशॉपला ह्या दिवशी करवतीला कोणी हात लावत नाही, ते खरं. पण म्हटलं, "अहो, ही करवत हाय का? लोकांनी खेळावं म्हणून आणलेला बोर्ड हाय."

"आपलं पोट कशावर हाय? मग हत्यारच की ते."

मेहताशेठनी हात जोडले. "मिस्त्री, एवढ्या लांब पूजेला आलो का आपण?" हे ढिम्म. दिवसभर लोक यायचे, हार घातलेल्या बोर्डाचे फोटो काढायचे आणि पुढं जायचे. बघायचीच वस्तू वाटली असेल त्यांना.

आणि ओम? आज नेमका गाढ झोपला. दिवसभर! गौरीपण चित्रं काढत शहाण्यासारखी बसली. मी हाताची घडी घालून मोकळ्या बोर्डाकडं बघत बसले. संताप, संताप झाला नुसता.

२३ ऑक्टो., शनिवार

आज बसले. पावडर टाकली, बोर्ड फोडला, पहिल्याच फटक्यात एक सोंगटी आत. लगेच अजून दोन. माणसं थांबायला लागली. आणि ह्यांच्या कडेवर ओमनं जो सूर लावला!

"घे बाबा ह्याला, माझ्याकडं ऱ्हात न्हाई."

मी म्हटलं, बाहेर फिरवून आणा जरा. तर म्हणाले, "गिऱ्हाईक सोडून? तू बघ पोरांना. इथलं म्या बघतो." आणि माझ्या खुर्चीत बसले. स्ट्रायकर पॉकेटात. दुसऱ्यांदाही पॉकेटात. लोकांनी बिचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून सांगतेय, "कडेला लावून मारा, कडेला." तर "गप ऱ्हा की जरा!"

बाळांच्या खोलीत जाऊन रडले. ओम पिता पिता माझ्याकडं बघत होता.

२४ ऑक्टो., रविवार

शेवटचा दिवस. हेल्गाबाई म्हणून एक आली, जाड भिंगाचा चष्मा. मेहताशेठनी सांगितलं, तिच्या गावात कॅरमचा क्लब चालवते. काल माझे तीन फटके लांबून बघितले होते तिनं. तिनं माझ्याकडं बोट केलं. हे म्हणाले, "शी... बेबी." बाईनं काय करावं? माझ्या कडेवरचा ओम उचलला आणि सरळ ह्यांच्या हातात दिला!

पहिला बोर्ड हरले. बाईचा हात पक्का आहे. दुसऱ्याला माझा हात मोकळा झाला. लांबच्या कोपऱ्यातली राणी घेतली, पाठोपाठ कव्हर. मागं केवढी गर्दी झाली होती, मला पत्ताच नव्हता. ओम रडत होता का हसत होता, तेही माहीत नाही. खरंच विसरले होते पोरांना. आणि काही बिघडलं नाही. मागं हे घामाघूम, ओमला नाचवतायत, गौरी त्यांच्या पायाला लटकलीय.

आणलेले तिन्ही बोर्ड तिथंच खपले. खोलीवर आल्यावर म्हणाले, "बरी खेळलीस."

बरी!

६ नोव्हें., शनिवार. शिरूर

मेहताशेठ येऊन गेले. हेल्गाबाईला मी उन्हाळ्यात महिनाभर तिकडं हवीय, क्लबातल्या बायकांना शिकवायला. पोरांना आणलं तरी चालेल, तिचं घर मोठं आहे. बाई स्वतः उद्या फोन करणार आहे.

हे म्हणाले, "बघू."

ह्यांचं बघू मला माहितीय. मोरीचं दार लग्नापासून बघू आहे.

७ नोव्हें., रविवार

मी भाकरी थापत होते. फोन ह्यांनी घेतला. माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, "नो मॅडम. शी नॉट कमिंग. टू चिल्ड्रन. स्मॉल, स्मॉल." मला विचारलं नाही. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

पिठाच्याच हातानं रिसीव्हर काढून घेतला. बोलणार काय? इंग्रजी येतंय कुठं मला! म्हटलं, "येस." बाई काहीतरी बोलली. "येस." मग तिनं काहीतरी लांबलचक विचारलं. "येस, येस." आणि ठेवून दिला.

हे बघतच राहिले. "काय इचारत व्हती, कळलं तरी का तुला?"

"न्हाई," म्हटलं आणि तव्यावर भाकरी टाकली.