पेजेनं चिकटवलेलं तिकीट

रवि. ५ जाने. २०२५, मये

सोळा पानं जमिनीवर मांडून बघितली. पणजीचं तिकीट-प्रदर्शन फेब्रु.च्या पहिल्या शनि.-रवि. विषय: ब्रिटिश अमलातली कॅरिबियन बेटं. तिकिटं कमी, टपालाचे शिक्के जास्त. जमैका व ग्रेनेडा ठीक. सेंट लुसिया पातळ.

पान ९ = आपांचं पाकीट. सगळ्या संग्रहात विकत न घेतलेली आणि खरोखर गोव्यात आलेली ही एकच वस्तू.

आपा म्हणजे आईचे मामा, पेडणे तालुक्यात इब्रामपूरला असतात. त्यांचे वडील बोटीवर स्वयंपाकी होते. पत्रं यायची, मग थांबली. शेवटच्या पत्राचं पाकीट तेवढं उरलंय. वर त्रिनिदादचं तिकीट, पोर्ट ऑफ स्पेनचा शिक्का. पत्ता दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात.

आपांचा फोन. "माज्या बापायचो कागद खंय लायतलंस गो?"
"नवव्या पानावर."
"मदी लाय. कोनशाक नाका."

मंगळ. ७ जाने.

पान ९ चा मजकूर लिहायला घेतला. शिक्क्याचा व्यास मोजायचा म्हणून भिंग लावलं.

तिकिटावरचं वर्तुळ तिकिटाच्या कडेला संपतं. पाकिटावर पुढे जात नाही. जायला हवं.

डावीकडे पाकिटावर एक पुसट कमान. दोन वर्षांपूर्वी मी तिची नोंद "डाग" अशी केली आहे. तो डाग नाही. रोमन अक्षरं: बी, ए, आर. कमानीवरून व्यास काढला तर तिकिटावरच्या वर्तुळाशी दीड मि.मी.चा फरक.

म्हणजे शिक्के दोन, आणि तिकीट या पाकिटाचं नाही.

बी-ए-आर म्हणजे बहुतेक बार्बाडोस. बार्बुडाही असू शकतं. लगेच ठरवायचं नाही.

गुरु. ९ जाने.

तिकिटाच्या दातऱ्यांखालून टाचणीच्या टोकाएवढा डिंक खरवडून कंपनीत नेला. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये काचपट्टीवर आयोडीनचा थेंब. निळं-काळं. स्टार्च. त्या काळच्या तिकिटांचा झाडाचा डिंक असा रंग देत नाही.

शिल्पा शेजारच्या टेबलावरून: "कोणाचं सँपल?"
"घरचं."
"पास की फेल?"

काचपट्टी धुऊन टाकली. फेल सँपल नव्हतं. मी होते.

कारण: पावणेदोन वर्षांपूर्वी त्रिनिदादच्या नोंदणी कार्यालयाला चौकशीचं पत्र मी लिहिलं. आपांच्या वडिलांचं नाव, अंदाजे वर्ष, "शेवटचं पत्र तुमच्या इथून आलं". पुरावा म्हणून याच पाकिटाचा फोटो जोडला. उत्तर सभ्य आलं: कुठल्याच नोंदीत असं नाव नाही. आपांनी ते माझ्याकडून मराठीत दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "म्हणजे नाव बदललां. आमी नाका जालों." त्यानंतरच्या भादव्यात, म्हाळाच्या दिवशी, पितरांच्या श्राद्धाला, त्यांनी बापाच्या नावाचं पान वाढलं नाही. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. गेल्या भादव्यातही नाही.

कारखान्यात न तपासलेल्या सँपलवर मी सही करत नाही.

रवि. १२ जाने.

इब्रामपूर. स्कूटरने सव्वा तास. आपा अंगणात मिरच्या वाळत घालत होते.

विचारलं, "आपा, ह्या पाकिटावर तिकीट तुम्ही लावलं?"

"मगे! तूच सांगिल्लंस, तिकीट नसलेल्या पाकिटाक अर्थ नाय. तोंड बघूक होया हुतां तुजां. म्हणान लायलां."

"कशानं?"

"पेजेन. घरात आनी काय आसता? पेजेच्या वाफेर काडलेलां, पेजेनच चिकटयलां." आणि हसायला लागले.

आपांच्या लहानपणी त्यांची आई चुलीवर पेज ठेवायची. पाकीट वाफेवर धरलं की तिकीट सुटायचं. सगळी पोरं तसंच करायची. पाकिटं मग बंब पेटवायला. हे एक तेवढं त्यांच्या आईनं काढून ठेवलं.

"मूळचं तिकीट कसं होतं?"

"बारीक. घोड्यांचां. ह्यां मोठां, बरां दिसता."

"ते त्रिनिदादचंच होतं?"

"बापूस धाडी ता सगळां त्रिनिदादच. आई तशीच म्हणा."

तेव्हा सोडवलेल्या तिकिटांचा डबा आपांकडून मागून घेतला. त्रिनिदादचं उत्तर अजून दारामागच्या कॅलेंडरमागे खोचलेलं आहे. पेज जेवून निघाले, बरोबर लोणच्याची बाटली.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. आई हळदीकुंकवाच्या गडबडीत. मी माडीवर. डब्यात ३१२ तिकिटं. बंदरागणिक ढीग केले: जमैका, ब्रिटिश गयाना, त्रिनिदाद, बार्बाडोस. बापूस धाडी ते सगळं एका जागचं नव्हतं, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

बार्बाडोसच्या छोट्या तिकिटांवर समुद्रातून घोडे जुंपलेला रथ. अशी पाच. तीन तिकिटांवरचे शिक्के जुळत नाहीत. चौथं कोरं. पाचव्यावर कमानीचा उरलेला तुकडा: बी-ए-डी-ओ-एस. व्यास तोच. पाकिटावरची कमान आणि हे तिकीट, मध्ये जेमतेम केसाएवढी फट.

बार्बुडा बाद. वर्ष मात्र उमटलेलं नाही.

आई वर आली. तिला दाखवलं. तिनं भिंगातून बघितलं. "म्हणजे चौकशी दुसऱ्याच बेटावर केली?"
"हो."
"आपांना सांगितलंस?"
"नाही."
"सांग. पण पाकीट चुकलं म्हणून सांग हं. त्यांचं चुकलं असं नको."
"त्यांचं नाहीच चुकलं."

रवि. १९ जाने.

सांगितलं. नकाशा नेला होता. दोन्ही बेटं बोटानं दाखवली. "तुमच्या वडिलांची नोंद त्रिनिदादमध्ये सापडली नाही, कारण मी विचारलंच चुकीच्या ठिकाणी. तिकीट तपासून बघितलं नाही. चूक माझी."

आपा नकाशावर वाकून: "हो खंयचो?"
"बार्बाडोस."
"ल्हान मरे."
"लहान आहे."

मग मिरच्या चाळवू लागले.

"म्हणजे नाव बदललां नसात?"

"माहीत नाही, आपा. त्या पत्रावरून तसं म्हणता येत नाही. एवढंच."

यापेक्षा जास्त बोलणं बरोबर झालं नसतं. कमीही नाही.

"त्रिनिदादाचां तिकीट काडशीत?" आपांनी विचारलं. म्हटलं, तुम्ही म्हणाल तर वाफेवर सोडवून मूळचं लावते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "रवांदे. मी लायलेलां."

शनि. १ फेब्रु., पणजी

पान ९ लावलं. मजकूर: "पाकीट बार्बाडोसहून पेडण्याला. वरचं त्रिनिदादचं तिकीट मूळचं नाही, पाठवणाऱ्याच्या मुलानं पेजेनं चिकटवलेलं. मूळ तिकीट शेजारी."

परीक्षक भिंग घेऊन वाकले. "हे पान वगळलं असतं तर गुण वाढले असते."
"माहीत आहे."

आपा इस्त्रीचा शर्ट घालून, आईचा हात धरून. "काय म्हणता तो?"
"पेजेबद्दल विचारत होते."
"म्हण, सुरय तांदळाची."

पान मधोमध नव्हतं. नववं दुसऱ्या ओळीच्या कडेला येतं. त्यांनी बघितलं. आईला तीनदा सांगितलं, "तो कागद माज्या बापायचो." घरी येताना मी पहिल्यांदाच मनात मोजलं: माझे पणजोबा. आतापर्यंतच्या सगळ्या नोंदींत मी "आपांचे वडील" लिहिलंय.

सोम. ३ फेब्रु.

बार्बाडोसला पत्र. ई-मेलही केला, पण आपांना पाकीट हवं होतं. या वेळी पुरावा जुळवलेल्या कमानीचा, आणि स्वच्छ वाक्य: "वर्ष निश्चित नाही."

डिचोलीच्या पोस्टात बाईंना म्हटलं, शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर येईल असा मारा. त्यांनी वर बघितलं. "तसाच मारतो आम्ही."

तसाच मारला. नीट उमटला. तारीख वाचता येते.

आपांना फोन केला. किती दिवस लागतील? माहीत नाही. महिना, दोन महिने. उत्तर येईलच असंही नाही.

"आनी थंयय नाव मेळूक नाय तर?"

पलीकडे वाटी ठेवल्याचा आवाज.

"बरां," ते म्हणाले. "भादव्याक अजून येळ आसा."