स्विचवरची टोपी

४ फेब्रुवारी, बुधवार

उस्तादांकडे जाऊन आलो. जायचं नव्हतं. चार दिवस टाळलं, मग त्यांचाच निरोप — "पान्याला म्हणावं, वही घेऊन ये. परीक्षा तोंडावर आली."

परीक्षा सुपरवायझरची. पेपर इंग्रजीत, कारण लिफ्टची सगळी पुस्तकं इंग्रजीत. खरं म्हणजे या जागेवर उस्तादांचा हक्क. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, इंग्रजीसुद्धा नुसती मॅन्युअलं वाचून शिकलेला. मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली. पहिल्याच दिवशी चुकीचा पाना हातात दिला म्हणून 'पान्या' नाव पडलं ते पडलं. पण आता त्यांच्या उजव्या हाताला दोनच बोटं आहेत आणि चौकशीच्या कागदावर 'स्वतःचा निष्काळजीपणा' असं लिहिलंय. म्हणून परीक्षेला मी. आणि शिकवायला ते!

आज जर-तरची वाक्यं. पेपरात हमखास येतात म्हणे. उस्तादांच्या हिशेबी तीन प्रकार. पहिला — असं झालं तर तसं होईल. लाल दिवा लागला तर आत जाऊ नका. अख्खं मॅन्युअल याच प्रकारात. दुसरा — मी राजा असतो तर. नुसत्या हवेतल्या गोष्टी. तिसरा — होऊन गेलं, आता बसा बोंबलत. "तिसरा म्हणजे बंद पडलेल्या लिफ्टचं बटण. कितीही दाब."

पहिल्या प्रकारची दहा वाक्यं लिहून आणायची आहेत. वहिनींनी चहा दिला. तोही प्यालो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दहापैकी सात बरोबर. उस्ताद डाव्या हाताने खुणा करतात, त्यामुळे खूण बरोबरची की चुकीची ते त्यांनाच विचारावं लागतं. ते हसले. मीही हसलो. मला लाजच नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी आज माळ्यावरचं सगळं खाली काढत होत्या. उस्तादांची खाकी टोपी शोधतायत. तीन महिने झाले, अजून शोधतायत. कपाटं झाली, पलंगाखाली झालं, आता माळा. माझ्या बायकोलाही विचारून झालं, चुकून तुमच्याकडे आली का म्हणून. मला म्हणाल्या, "भाऊजी, टोपी घरात सापडली, तर त्या दिवशी हे बोडक्यानेच गेले म्हणायचं. आणि नाही सापडली, तर —"

उस्ताद आतून म्हणाले, "अगं, घरातच राहिली असणार. मला काही आठवत नाही हल्ली."

मी स्टूल धरून उभा होतो. वहिनी वरून डबे देत होत्या आणि मी ते खाली घेत होतो. टोपी माझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे. तळाशी, फडक्यात गुंडाळलेली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

एकदा लिहूनच काढतो. या वहीला कोण विचारतंय.

कुणी शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरणार असेल, तर आधी गच्चीवरच्या मशीनरूममधला मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, पाटी लावायची. हे पुस्तकातलं. आमचं कुलूप दोन वर्षांपूर्वीच हरवलं. नवीन मागितलं, मिळालं नाही. मग उस्तादांनी आपली पद्धत पाडली — स्वतःची टोपी स्विचच्या दांड्यावर अडकवायची. टोपी आहे म्हणजे माणूस खाली आहे. ती काढायची फक्त त्याच माणसाने, वर परत आल्यावर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडच्या सगळ्या इमारतींच्या वॉचमनना हे पाठ.

त्या दुपारी उस्तादांनी टोपी अडकवली. मी पाहिली, या डोळ्यांनी. मग सात मजले उतरून ते शाफ्टच्या तळाला, पिटमध्ये गेले. मी वर मोटारीला ग्रीस लावत होतो. बायकोचा फोन आला. मशीनरूममध्ये रेंज येत नाही. बाहेर गच्चीवर ऊन असं, की टाळू भाजेल. घराबाहेर पडताना आपण खुंटीवरची टोपी घेतो ना, तशी घेतली. डोक्यावर घातली. गेलो. तिला कपाटाची किल्ली कुठे आहे एवढंच हवं होतं. मी पाण्याच्या टाकीआड उभा राहून इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. चार मिनिटं.

तेवढ्यात वॉचमन वर आला. लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून लोकांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. स्विच पाडलेला, टोपी नाही, म्हणजे काम संपलं. त्याने स्विच चढवला. कुणीतरी लिफ्ट बोलावली. खाली उस्तादांचा हात पुलीच्या दोरावर होता.

ओरडणं ऐकून मी जिन्याने पळत सुटलो. तिसऱ्या मजल्यावर घाम पुसायला कपाळावर हात नेला, तेव्हा हाताला टोपी लागली.

शर्टात कोंबली. का कोंबली? विचार करून नाही. पण चौकशीत जे बोललो ते विचार करून. साहेबांनी विचारलं, "टोपी अडकवलेली पाहिलीस का?" मी म्हणालो, "लक्ष नव्हतं." वॉचमन म्हणाला, टोपी नव्हती. तो बिचारा खरंच बोलला. उस्तादांनी खूप आठवून पाहिलं, आणि शेवटी खाली मान घालून म्हणाले, "मग मीच विसरलो असेन."

उस्ताद आणि विसरणार! दुसऱ्याच्या घरून निघताना पंखा बंद केला का बघणारा माणूस.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा प्रकार. मी राजा असतो तर. लिहिता लिहिता एक वाक्य हातून उतरलं — मी चांगला माणूस असतो, तर मला झोप लागली असती. इंग्रजीत लिहायला सोपं गेलं. इंग्रजीत ते माझं वाटतच नाही, पुस्तकातलं वाटतं.

उस्तादांनी वाचलं. "वाक्य बरोबर आहे. पण खोटं. दवाखान्यात रात्रंदिवस माझ्या उशाशी कोण बसलं होतं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. आधी वाटलं, यांना कळलं. मग लक्षात आलं, नाही कळलं. आणि कळलं नाही म्हणून मला बरं वाटलं. याचंच जास्त वाईट वाटतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिसरा प्रकार आला.

माझ्या डोक्यात शिरेना. उस्ताद म्हणाले, आण वही, नमुना लिहून देतो. डाव्या हाताने लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली. जीभ दाताखाली धरून, पहिलीतल्या पोरासारखं. मी शेजारी बसून एकेक अक्षर येताना पाहत होतो. वाक्याचा अर्थ — मी टोपी अडकवली असती, तर माझी बोटं राहिली असती.

"वाच मोठ्याने."

वाचलं.

"अजून दोनदा. जिभेवर बसू दे."

अजून दोनदा वाचलं. पदराने हात पुसत वहिनी आतून बाहेर आल्या होत्या, त्या तशाच परत आत गेल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण 'कॅप' तर कळतं.

उस्तादांचा आवाज अगदी साधा होता. मॅन्युअल समजावताना असतो तसा. मला सांगायला तोंड होतं, समोर माणूस होता, वेळ होता. निघताना म्हणालो, "येतो उस्ताद."

१६ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा शनिवारी. ती झाल्यावर सांगू. एवढे दिवस गेले, आणखी पाच दिवसांनी काय होतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काय होतंय ते आज पाहिलं.

मी बसलो होतो तोवर उस्ताद चार वेळा स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना ते बघून आले. वहिनी म्हणाल्या, रोज असंच. कुलूप लावलं की परत फिरतात, ओढून बघतात. दोनदा, तीनदा. एवढ्यात समोरच्या इमारतीतल्या आजी आल्या. त्यांच्या इमारतीची लिफ्ट दरवाज्यात खरखर आवाज करते, जरा येऊन ऐकता का, नुसतं सांगा काय बिघडलंय. हात नको लावायला, नुसतं ऐकायचं होतं. उस्ताद नाही म्हणाले. आजी गेल्यावर मला म्हणाले, "बोटांचं काही नाही रे. सात बोटांनीही माणूस जेवतो. पण माझा माझ्यावरचा भरवसा गेला. मी सांगेन एक आणि असेल भलतंच."

म्हणजे बोटं पुलीने नेली. हे मी नेलं. आणि हे मी अजूनही परत करू शकतो! बटण बंद नाही. नुसतं दाबायचंय.

संध्याकाळी बायको म्हणाली, "परीक्षेचं एवढं काय घेतलंत मनावर? तोंड बघा आरशात." मी तिलाही काही बोललो नाही. फोन तिचा होता हे कळलं तर ती उगाच स्वतःला खात बसेल. तिचा काय दोष? किल्लीच विचारली होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तिसऱ्या प्रकारची दहा वाक्यं झाली. नऊ वाक्यं बस चुकल्याची, अभ्यास न केल्याची, छत्री विसरल्याची. दहावं खरं — मी टोपी काढली नसती, तर उस्तादांची बोटं राहिली असती. व्याकरण बरोबर असावं. तीन वेळा तपासलं.

टोपी हत्यारांच्या पिशवीतून काढली. पुढच्या बाजूला माझ्या ग्रीसच्या बोटांचे डाग अजून तसेच. त्या दिवशी मीच तिला हात लावला हे सांगायला दुसरा साक्षीदार नको. वही आणि टोपी एका कापडी पिशवीत घालून दाराशी ठेवल्या आहेत. उद्या कामावर जायच्या आधी उस्तादांकडे. आधी टोपी त्यांच्या हातात द्यायची, मग बोलायचं. परीक्षेचं काय व्हायचं ते होवो.

आज जेवण गेलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटेच फोन, लिफ्टमध्ये दोन माणसं अडकलेली. पिशवी तशीच ठेवून पळालो. दिवस तिकडेच गेला.

घरी आलो तर पिशवीत नुसती वही. बायको खुशीत. "वहिनी बिचाऱ्या घर उपसतायत आणि टोपी आपल्या दाराशी! केवढे डाग होते. घासून धुतली, वाळवली आणि दुपारी देऊनही आले."

उस्ताद काय म्हणाले, विचारलं.

"वहिनी तर रडल्याच. उस्ताद हातात घेऊन बसून राहिले. मी म्हटलं, ह्यांच्याकडे होती. तर म्हणाले, पान्याला सांग, वही घेऊन ये. माझं एक वाक्य खोडायचंय."