पांढरे थर

२ फेब्रुवारी, सोमवार

आजही बसथांब्यावर नवऱ्याने पिशवी हातात दिली आणि म्हणाला, ‘तब्येतीला जप.’ अठरा वर्षांचा संसार आणि निरोप असा, जणू दूरची मावशी परत चाललीय!

मीही काय, ‘तूही जप’ म्हणाले आणि बसमध्ये चढले. खिडकीतून बघितलं तर तो बागेकडे वळलासुद्धा होता. सोमवार मला मुळीच आवडत नाही. खोलीचं कुलूप उघडलं की आत शुक्रवारचीच हवा असते. कप तिथेच, टॉवेल तिथेच, कोणी हलवलेलं नसतं काही. वाटतं, कोणीतरी पसारा करावा आणि मी ओरडावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर गाळ. आमच्या तळ्याचाच. शरद ऋतूत तळ्याच्या ऐन मध्यावर जाऊन काढला. पूर्वी जिथे नाव लागायची तिथे आम्ही बुटांनी चालत गेलो! लांब नळकांडं खाली ठोकायचं, वर ओढायचं, उभं चिरायचं. एक अर्धा कामाला, दुसरा गुंडाळून थंड खोलीत, कधी शंका आली तर पुन्हा बघायला. काळा, मऊ थर म्हणजे त्या काळी पाणी होतं. पांढरा, खरखरीत थर म्हणजे पाणी आटलं आणि मीठ उरलं. वर आजचं, खाली हजारो वर्षांपूर्वीचं. माझं काम रंग आणि मीठ वाचायचं. कुठला थर कधीचा ते अजून कळलेलं नाही. त्यातल्या काडीकचऱ्याची वयं काढायला बाहेर पाठवली आहेत, पुढच्या आठवड्यात येतील.

नवरा म्हणतो, ‘पाणी गेलंय, येईल. बाबांच्या वेळीही एकदा मागे हटलं होतं. आलं ना?’ म्हणून तो तिथे बसलाय. नासपतीच्या बागेपासून तळ्याचा काठ आता इतका लांब गेलाय की हाक मारली तर ऐकू जायची नाही. विहीर खारट झाली. पानांच्या कडा जळतात. बाग दोघांना पोसेना, म्हणून मी शहरात प्रयोगशाळेतल्या माझ्या जुन्या नोकरीवर परत आले. तात्पुरती! तात्पुरत्याला सात वर्षं झाली.

इथे खरं लिहिते. वयं येईपर्यंत मी देव पाण्यात घालून बसले आहे — पाणी येणार नाही असंच निघावं म्हणून. म्हणजे तरी तो येईल.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेचारची गाडी गाठायची होती. नमुने निवडत बसायला वेळ नव्हता, सगळा ट्रे गाळातले परागकण तपासणाऱ्या आमच्या परागवाल्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि पळाले.

८ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस कालवा साफ केला. कोरड्या ठाक कालव्यातला पाला, काटे, कोणाचा तरी एक बूट. सासऱ्यांनी खणलेला कालवा. दर हिवाळ्यात हा माणूस तो झाडून पुसून ठेवतो. का? तर पाणी आलं आणि वाट तुंबलेली असली तर! मी म्हटलं, ‘पाहुण्यांचा पत्ता नाही आणि तू रांगोळ्या काढतोयस.’ हसला. मग म्हणाला, ‘तू ये ना इकडे. नोकरी सोड. दोघं मिळून निभावू.’

मी म्हटलं, तू ये.

तो म्हणाला, तू ये.

सात वर्षं हेच चाललंय. दोघंही यजमान, पाहुणा व्हायला कोणी तयार नाही.

संध्याकाळी तो कालव्याच्या कडेवर बसून नखातली माती काढत होता. मान उन्हाने काळी पडलीय, मागचे केस पांढरे झालेत. कधी झाले? आठवड्यातले दोन दिवस भेटणाऱ्या बाईला असल्या गोष्टी एकदम दिसतात. रोज बघता आलं असतं तर मी त्या केसांना हळूहळू सरावले असते. तेवढंच मागणं आहे माझं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वयं आली.

साहेबांनी मोठ्या टेबलावर चिरलेला गाळ मांडला आणि शेजारी वयांच्या चिठ्ठ्या लावत गेले. पांढरं, पांढरं, पांढरं. वरच्या टोकाला एक काळा पट्टा, जेमतेम तीन पिढ्यांचा. माझ्या आजेसासऱ्यांनी जमीन घेतली तिथे सुरू होतो आणि आमच्या लग्नाच्या आसपास संपतो. खूप खाली असेच आणखी दोन अरुंद पट्टे. मध्ये शेकडो वर्षं कोरडं.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, ‘म्हणजे हा दुष्काळ नाहीच. हे रोजचं आहे. भरलेलं तळं हाच पाहुणा होता.’

इथल्या अर्ध्या लोकांची माहेरं, सासरं त्याच काठावर. मी आतल्या खोलीत गेले, नळ सोडला आणि हसले. आनंद झाला मला. एका अख्ख्या मुलखाचं पाणी परत येत नाही हे कळलं आणि मला काय सुचावं? की खाट मोठी लागेल.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इथे तर मन आणि वैरी एकच.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

कालव्याच्या तळाशी काठीने रेघा ओढून दाखवलं. इथे आपण, इथे बाबा, इथे आजोबा. आणि काठी ओढत ओढत मी चालत गेले, पार त्या वळणापर्यंत, आणि तिथून ओरडले, ‘इथवर सगळं कोरडं!’ तो तिकडे उभा. माझ्यात आणि त्याच्यात नुसती रेघ.

परत आले तेव्हा त्याने विचारलं, ‘म्हणजे येणारच नाही?’

‘कधीतरी येईल. आपल्या हयातीत येईल असं गाळ तरी म्हणत नाही.’

‘मग बाबांनी हे सगळं खणलं ते...’

‘त्यांनी समोर पाणी बघितलं आणि खणलं. त्यांचं काय चुकलं?’

त्याने फावडं उचललं, फडक्याने पुसलं, खोपटात ठेवलं. मी दारात उभी. मला वाटलं आता रागावेल, आता भांडेल. ‘तुझा गाळ तुझ्यापाशी ठेव’ म्हणेल. भांडला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त म्हणाला, ‘बरं. येतो मी शहरात.’

१६ फेब्रुवारी, सोमवार

येतोय! येतोय, येतोय!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घरमालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी मला वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘नवरा? मला वाटायचं ती तुमची थाप आहे, भरवशाची भाडेकरू वाटावं म्हणून.’ मागची खोलीही देणार आहेत. खिडकी आहे, उजेड आहे. खिडकीखाली मातीचा एवढासा तुकडा आहे, त्यात त्याला काही लावता येईल.

सार्वजनिक बागेच्या रोपवाटिकेत माणूस हवाय. जाऊन आले. तिथल्या मुकादमाने विचारलं, ‘झाडांची माहिती आहे का त्यांना?’ मी म्हटलं, झाडांचीच आहे, माणसांची नाही. चालेल म्हणाला.

पडद्यांना निळं कापड आणलं. मी! जिने सात वर्षं खिडकीला जुनी चादर लावली.

२२ फेब्रुवारी, रविवार

घर आवरलं. प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच उत्तर. कपाट घ्यायचं? ‘तू म्हणशील तसं.’ ही सतरंजी? ‘तू म्हणशील तसं.’ फळं उतरवायची शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली, ती बागेतून कुंपणाबाहेर नेताना त्याने नीट धरायला शिकवलं त्यांना. डावीकडून धरा, उजवा पाय जरा आखूड आहे म्हणाला.

झाडं तोडायची ठरलीत. येत्या रविवारी करवतवाला येईल. मी म्हटलं, राहू दे ना उभी. तर म्हणाला, ‘आणि मी तिकडे नळाचं पाणी पिऊ? तहानेने मरायला नाही सोडणार त्यांना.’ गेल्या आठवड्यापासूनचं त्याचं हे एवढंच मोठं वाक्य.

जेवला नाही धड. मी पाठीवरून हात फिरवला तर ‘हं’ म्हणाला. बसेल हळूहळू. वाफ्यातून उपटलेलं रोपही आधी मान टाकतं, मग धरतं. तोच मला सांगायचा हे. नव्या जागी रुळायला वेळ लागतो, एवढंच असणार. दुसरं काही नसणार.

२५ फेब्रुवारी, बुधवार

परागवाल्या बाई तणतणत आल्या. ‘पांढरे थर मला का दिलेस ग?’

आमच्याकडे रीत अशी, की पांढरे थर त्यांना द्यायचेच नाहीत. फुलांचे परागकण काळ्या ओल्या गाळात टिकतात. कोरड्या मिठात विरून जातात असाच समज, तिथे शोधणं म्हणजे डोळे फोडून घेणं. मी त्या शुक्रवारी गाडीच्या घाईत निवडलंच नाही, अख्खा ट्रे दिला. माफी मागायला लागले तर म्हणाल्या, ‘माफी राहू दे. ये, बघ.’

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मोठाले गोल कण, कडेला एकच भोक. ‘रानगवताचे इतके मोठे नसतात,’ त्या म्हणाल्या. ‘हे जवाचे. आणि सोबत नांगरलेल्या जमिनीत उगवणारं तण. कोळशाची भुकटीसुद्धा आहे, चुलीची असेल. दर पांढऱ्या थरात नाही, पण पुष्कळांत आहे. हा पराग फार लांब उडत नाही. तिथेच पेरत होते.’

‘कोण?’ मी विचारलं.

‘मला काय माहीत! माणसं. तळं कोरडं असताना काठावर राहून शेती करत होती. पावसाच्या चार शिंतोड्यांवर, खारट जमिनीत. शेकडो वर्षं. गेलीच नाहीत कुठे.’ मग माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, ‘अग, तुझ्या वेंधळेपणाने मोठं काम केलं. हसतेस काय नुसती? खूश हो की!’

मी हसत नव्हते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाहेर कोणाला अजून माहीत नाही. साहेब म्हणतात, दुसरा अर्धा थंड खोलीतून काढून पुन्हा तपासू, मग बोलू. म्हणजे महिने जाणार. तोवर तो इथे आलेला असेल, रुळलेला असेल. मग एखाद्या संध्याकाळी चहा पिताना सांगता येईल — गंमत ऐकलीस का, तुमच्याकडे पूर्वी कोरड्यातही शेती व्हायची म्हणे!

न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. हे मी दुपारपर्यंत स्वतःला पटवलं. शिवाय मूठभर परागाने कोणाचं पोट भरतं? जव पिकवून हा खाणार काय नि विकणार काय? एकटा किती राबेल? पन्नाशीला टेकलाय. मी त्याच्या भल्याचंच बघतेय. सगळे मुद्दे बरोबर आहेत. एकही खोडता येत नाही. तरी चहा तीनदा उकळून सांडला.

मला तो हवाय. मला सकाळी त्याचा खोकला ऐकायचाय, ओले पाय पुसले नाहीत म्हणून त्याच्यावर ओरडायचंय. सात वर्षं मी चांगली बाई होते. आता पुरे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

खाट आली. पडदे लावले. मागच्या खोलीत उन्हाचा चौकोन पडतो, बघत बसले. इतकी सुंदर खोली मी आजवर लावली नव्हती.

त्याचा फोन. ‘करवतवाला रविवारी सकाळीच येतो म्हणालाय.’

‘बरं.’

‘तू उद्या येतेयस ना?’

‘येते.’

फोन ठेवला नाही कोणी. शेवटी तो म्हणाला, ‘तिथे खिडकी कुठल्या बाजूला आहे?’ मी म्हटलं, उगवतीला. ‘चांगलं आहे,’ म्हणाला. दवाखान्यात माणूस डॉक्टरला म्हणतो तसं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. बसमधून उतरल्या उतरल्या, पिशवीही खाली ठेवली नव्हती. पांढरे थर, चुलीचा कोळसा, कोरड्यातही न गेलेली माणसं, सगळं. त्याने वाकून पायाखालची माती चिमटीत घेतली. मग मान वर करून त्याने विचारलं, ‘काय पेरत होते?’

डोळे असे लकाकले, की ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं झुरले तो माझा नवरा समोर उभा होता. तो आता येणार नाही.