या गेमचे तिन्ही शेवट चुकलेत

१० जून, बुधवार
संकल्प: रविवारच्या आत लेख पूर्ण. मुद्दा एकच, या गेमचे तिन्ही शेवट गेमशीच बेइमानी करतात. सगळा गेम सांगतो काय, तर दोघांनी मिळून चला. नवरा-बायको, बर्फाचा डोंगर, दोघांच्या कमरेला एकच दोर. एक घसरला की दुसऱ्याने धरायचं. आणि शेवटी? एकदा तो मरतो, एकदा ती, एकदा दोघंही. अरे, मग दोर बांधला कशाला!

बायको तिच्या ताईकडे गेली आहे. तिलाही बदल हवाच होता.

११ जून
बायकोचा फोन. रविवारी जेवायला ये, समोरासमोर बोलू आणि पुढचं ठरवू, म्हणाली. पुढचं म्हणजे बहुधा घराच्या रंगाचं. नक्की येतो म्हणालो.

निम्मा गेम तीच खेळली माझ्याबरोबर. मग उठून गेली. म्हणे, मी सारखा ओरडतो. ओरडत नाही, मार्गदर्शन करतो.

१३ जून
घात झाला. कुणीतरी नेटवर लिहिलंय, चौथा शेवट आहे. शेवटच्या कड्यावर दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर दोघंही वाचतात. माझ्या लेखाला सुरुंग! तपासायलाच हवं. दोन्ही कंट्रोलर मीच घेतले. नवरा हाताने, बायको पायाच्या अंगठ्याने. बायको सारखी दरीत.

१४ जून, रविवार, दुपार
निघालोच होतो. एक बूट चढवलाही. म्हटलं, एकदाच बघू.

संध्याकाळ
जमलं!! दोघं वाचले. चक्क रडलो. लेख रद्द, शेवट गेमला अगदी चपखल बसतो. लगेच बायकोला फोन लावला. आम्ही जेवायचे थांबलो होतो, म्हणाली. मग विचारलं, माझ्या जागी कोण खेळलं? मीच, म्हणालो, जरा ऐटीतच. बरं, म्हणाली. मग माझं काय काम? आणि फोन ठेवला.

आवाज चढवला नाही, म्हणजे राग गेला असावा. तरी घर खायला उठलंय.

१५ जून
साडू आला, तिचं सामान न्यायला. म्हटलं, उद्या मी स्वतः येतो, तिला सगळं नीट समजावतो. खाली बघत म्हणाला, नका येऊ, ती नको म्हणतेय.

दोन बॅगा त्याने नेल्या. शिलाई मशीन जड. जिना उतरताना एक बाजू मी धरली.