बाळाच्या फोटोला पंधरा हजार

॥ श्री मोहिनीराज प्रसन्न ॥

नेवासा, बुधवार

तीर्थस्वरूप दाजींना धाकट्या मेहुण्याचा, आदिनाथचा, वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, भंडारदऱ्याच्या काठावरचे तुमचे तंबू आणि त्यात उतरणारी पुण्याची पाव्हणेमंडळी, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (मागे वाऱ्यानं एक तंबू धरणात गेला म्हणे. आत कुणी नव्हतं हे ऐकून बरं वाटलं.) इकडे निकिता खुशाल, बाळ खुशाल, आणि बाळाचा बाप अजून भानावर यायचा आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि पुष्पाताई शेजारी भाकरी थापत असते. म्हणून हे पोस्टानं.

परवा तुम्ही विचारलंत, एवढ्याशा जिवाचे फोटो काढायला पंधरा हजार कोण घालतं? दाजी, हा प्रश्न आधी माझाच होता. निकितानं नगरच्या प्रज्ञा मॅडमचं नाव काढलं (त्या फक्त तान्ह्या बाळांचे फोटो काढतात, लग्नाची ऑर्डर घेतच नाहीत), तेव्हा दर ऐकून मी दुकानातल्या स्टुलावर बसलो. तेवढ्या पैशात ठिबकच्या नळ्यांची किती बंडलं येतात, ते मी तिला सविस्तर समजावलं. आणि वर म्हणालो, मोबाईल कशाला घेतलाय मग? बाळ घरी आल्यावर टोमॅटोचं क्रेट स्वच्छ धुतलं, त्यात ओढणी अंथरली आणि बाळाला आत ठेवलं. (नेटवर टोपलीतली बाळं असतात. आमच्याकडे टोपली नव्हती.) त्यानं असा सूर लावला की शेजारचे काय झालं म्हणून विचारायला आले. फोटो आला तो मतदान कार्डावर शोभणारा, आणि क्रेटवरचं व्यापाऱ्याचं नाव मात्र झकास स्पष्ट. निकितानं तो पाहिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी मुकाट्यानं मॅडमना फोन लावला.

निकिताला आई नाही, म्हणून बाळंतपण करायला ताई आमच्याकडे महिनाभर राहिली, हे तुम्हाला काय सांगायचं. (तुम्ही तो महिना मॅगीवर काढलात.) तिनं फोटोचं ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. ‘सव्वा महिन्याच्या आत फोटू? दृष्ट लागंल लेकराला. माझं कोनी आइकनार हाय का न्हाई?’ कोणी ऐकलं नाही. तेव्हा तिनं बाळाच्या गालावर, कपाळावर आणि तळपायाला एवढाली तीट लावली की लेकरू ओळखू येईना. मॅडमनी गालावरची, कपाळावरची तीट विनंती करून पुसली, तळपायाची राहू दिली. तिथं तह झाला.

आता ऐका. बाहेर चैत्राचं ऊन, आणि या बाईंनी आल्या आल्या पंखा बंद करून हीटर लावला. बाळाला उघडं ठेवायचं तर खोली उबदार पाहिजे म्हणे. मी घामानं निथळतोय, ताई पदरानं वारा घेतेय, आणि एका डबीतून सारखा सूं सूं आवाज. ताई स्वयंपाकघरात जाऊन कुकर बघून आली. मॅडम म्हणाल्या, पोटात असताना बाळाला असाच आवाज येत असतो, तो ऐकला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं. मग त्यांनी हात धुतले, गरम पाण्याच्या पिशवीवर शेकले आणि मगच बाळाला हात लावला. बाळानं लगेच त्यांच्या अंगावर कार्यक्रम उरकला. त्यांनी कपडा बदलला, पुन्हा हात शेकले. असं किती वेळा झालं ते मी मोजायचं सोडलं. तासभर एकही फोटो नाही, दाजी. नुसती वाट बघणं. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं तर मी शटर ओढतो, आणि ही बाई जमिनीवर बसून एका मुठीएवढ्या माणसाला झोप यायची वाट बघत होती.

तो झोपला. मॅडमनी मला जवळ बोलावून त्याचा खांदा दाखवला. तिथं बारीक, सोनेरी लव होती, आणि कानाच्या पाळीवरसुद्धा. डोक्यावर दोन भोवरे. (ताई म्हणते, दोन लग्नं करणार.) मॅडम म्हणाल्या, ही लव थोड्याच दिवसांत झडेल, नीट बघून घ्या. मी दहा दिवसांचा बाप होतो आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं. मला रडू आलं. हीटर असल्यामुळे ते घामात खपून गेलं. आज ती लव खरंच नाही, फक्त फोटोत आहे. पंधरा हजारांचं मला एवढंच कळलं, आणि तेवढं पुरे झालं.

शेवटचा फोटो सगळ्यात अवघड होता. बाळ दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकून झोपलंय असा. एवढ्याशा बाळाला मान कुठली सावरते? म्हणून एका फोटोत कुणीतरी डोकं धरायचं, दुसऱ्यात मनगटं धरायची, आणि मग कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून धरणारा हात पुसायचा. निकिताला टाक्यांमुळे वाकता येत नव्हतं, आणि माझे हात घामानं निसटत होते. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात फुरंगटून बसलेली ताई उठली, हात धुऊन, शेकून आली आणि दोन बोटांनी त्याचं डोकं धरलं. मॅडमच्या मनासारखं होईपर्यंत तो हात केसभर हलला नाही. ताईचा चेहरा तेव्हा कसा होता, ते मला लिहिता येत नाही. मी बाळाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होतो.

मोठ्यांना नमस्कार, तंबूतल्या पाव्हण्यांना रामराम. कळावे, लोभ आहेच.

तुमचा,
आदिनाथ

ता. क. : पुढच्या रविवारी बारसं आहे. ताईनं गुडघ्याचं कारण सांगून यायचं टाळलं असेल. गुडघ्याला काही झालेलं नाही. फोटो तयार होऊन आले तसे मी शहाण्यानं स्टेटसला टाकले, वर लिहिलं, ‘आमचा पैलवान स्वतःच डोकं सावरतो.’ हात पुसणार हे मला माहीत होतं, ताईला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं तो फोटो बराच वेळ पाहिला आणि संध्याकाळच्या एसटीनं निघाली. तिच्या पोटी मूल नाही म्हणून इतकी वर्षं बारशाला बायकांनी तिला कसं मागं सरकवलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. तिला वाटलं, भावानंही तेच केलं, फक्त कॉम्प्युटरवर.

ता. क. २ : मॅडमकडून न पुसलेला फोटो मागवून घेतला, सोबत ठेवलाय. मनगटावरचं गोंदण, हिरव्या बांगड्या, सगळं त्यात आहे. निकितानं हाच मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावला, आल्या-गेल्याला पहिला तोच दिसतो. हा ताईच्या हातात द्या. नावाचं अक्षर ‘स’ निघालंय. नाव आत्यानं ठरवायचं, आम्ही ठरवणार नाही.

ता. क. ३ : मालिशीला एक बाई लावलीय. चांगली आहे, पण तिच्या हाताखाली बाळ आंघोळ होईपर्यंत रडतं आणि मग दिवसभर झोपत नाही. दाजी, काहीही करा, पण तो हात घेऊन या. बरोबर तुम्हीही आलात तर पुरणपोळी आहे.